औसा ते निलंगा, मार्गे खरोसा

पाच सायकली, मागं एक टमटम,
आणि टमटममध्ये गुडघ्याला पट्टा बांधून माझा नवरा.
पाणी, धपाटे, शेंगाची चटणी, पंक्चरचं सामान
आणि ‘मी आधीच म्हणलं होतं’ हे वाक्य
सगळं त्याच्या ताब्यात.

पुढं अप्पा. वय एक्याऐंशी.
काळी सायकल, डायनामो बंद, घंटी चालू.
जनावरांच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं.
कागदावर हुद्दा व्रणोपचारक,
जो घरात कुणालाच नीट म्हणता आला नाही.
मग मी. मग नीलांबिका, माझी लेक.
जावई विरूपाक्ष पुण्याचा, त्याची तंग काळी चड्डी
बघायला दोन बाया ज्वारीतनं बांधावर आल्या.
आणि मुक्ता, सात वर्षांची,
चढ लागला की पाढे म्हणते.

जानेवारी. करडई पिवळी, हात लावू देत नाही.
उसाची ट्रॉली गेली की आम्ही सगळे
रस्त्याच्या कडेला, डोळे मिटून, एका रांगेत.

अप्पांना माणसं आठवत नाहीत.
गावाची पाटी दिसली की जनावर आठवतं.
“हितं एक म्हैस. वासरू आडवं. कोपरापस्तोर हात आत, रातभर.”
“त्या लिंबाखाली देवणी वळू. डावं शिंग मोडकं. लई गुणाचा.”
आणि मालक?
“आसंल की कुणीतरी.”

लामजना पाटीवर चहावाला म्हणाला, डॉक्टरसाब!
अप्पांनी एवढी वर्षं जे केलं तेच केलं,
दुरुस्त केलं नाही.

मी सायकल शिकले बावन्नाव्या वर्षी,
शाळेच्या मैदानात, रात्री साडेनवानंतर,
पाहणारं फक्त एक कुत्रं.
त्याआधी मी या काळ्या सायकलीच्या दांडीवर बसलेली.
पायाला मुंग्या, डोक्यावर अप्पांची हनुवटी,
नाकात फिनाईल.

सपाट रस्ता लागला तसं विचारलं,
“अप्पा, बसूला शिकिवलं तुमी. मला कामून न्हाई?”
घंटी वाजवली. समोर कुणीच नव्हतं.
“सायकल एकच होती.”
पुढं एक मैल, नुसता वारा.
मग मान न वळवता,
“एकच होती म्हणून न्हाई.”
एवढंच. पुढचं बोलले नाहीत
आणि मीही ओढून काढलं नाही.

खरोशाला लेण्यांत गार दगडाला पाठ लावून बसलो.
मुक्तानं विचारलं, ह्या किती जुन्या?
“माझ्याहून चार-दोन वर्षांनी,” म्हणाले,
आणि दुसरं धपाटं मागितलं.

निघताना माझ्या सायकलीचं हँडल धरलं.
“तुझी दे बघू.”
विरूपाक्षनं गिअर समजावले.
अप्पांनी ते असे ऐकले
जसं त्यांनी प्रत्येक नव्या साहेबाचं ऐकलं असणार,
आणि उतारावरून सुटले!
धोतर एका हातात गोळा,
बाजूला मुक्ता, दोघं ओरडतात
सात साते एकोणपन्नास,
नीलांबिका मागनं किंचाळते, अप्पा, ब्रेक!

माझ्याकडं काळी राहिली.
दांडीवरून पाय टाकताना आपोआप
आधी दांडीला हात लावला.
केवढी जड. रिकामी असूनसुद्धा केवढी जड.
आणि पहिल्याच फेऱ्याला खट्ट,
चेनकव्हर पोचलंय तिथं, दर फेऱ्याला खट्ट.

हा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला
की आई चुलीवर पिठलं टाकायची.
मी उंबऱ्यात. बसू झोपलेला.
इतकी वर्षं तो घराकडं येताना ऐकला.
मांड्या भरून आल्यावर, वारा तोंडावर घेत,
घरापासून लांब जाताना कसा ऐकू येतो
ते अप्पांना माहीत होतं.

टमटम शेजारी आली. नवरा म्हणाला, पाणी?
नको म्हणलं.
म्हणाला, बदलायची का सायकल?
मी घंटी वाजवली.
समोर कुणीच नव्हतं.